शिकाऊ हाताची मजुरी

औंढा नागनाथच्या मंदिराला प्रदक्षिणा घालणाऱ्या भाविकाची नजर बहुधा शिखराकडे जाते. ती जोत्यापाशी आणली, तर एकाच इमारतीत दोन काळ दिसतात. खालचा भाग काळ्या बेसॉल्टचा, तेराव्या शतकाच्या आसपासचा, यादवांच्या राजवटीतला. थरांवर थर, त्यांत हत्ती, देवदेवता, माणसांच्या आकृत्या; दोन दगडांमधला सांधा नजरेला सापडत नाही, बोट फिरवून शोधावा लागतो. वरचा भाग उघडच नंतरचा. त्याचा घाट वेगळा, साहित्य वेगळे, हाताचे वळणही वेगळे. जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. प्रत्येक काळाने आपल्याजवळ जे हात होते त्यांनी बांधले, एवढे त्या भिंतीवरून नक्की कळते.

आज त्या खालच्या भिंतीतला एखादा दगड सरकला, तर तो पुन्हा बसवणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात कोण आहे? आणि असा माणूस तयार करायचा असेल, तर त्याच्या शिकण्याच्या काळातली मजुरी कोण देणार? या प्रकरणाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. वारशाच्या जतनासाठी निधी मंजूर झाल्याच्या बातम्या येतात, त्यांतला जवळजवळ सगळा पैसा इमारतीला मिळतो. इमारत ज्याच्या हातावर उभी राहते, त्याच्या शिक्षणाला त्यात ओळ नसते.

प्रश्न एकट्या औंढ्याचाही नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आणि सगळ्या मराठवाड्यात बांधकामाच्या तीन-चार परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. घडीव दगडाची मंदिरे आणि बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी. पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींच्या गढ्या. लाकडी खणांवर तोललेली माळवदाची घरे, ज्यांच्या छपरावर मातीचा थर असतो आणि उजेडासाठी सवणे ठेवलेले असते. आणि चुन्यातले वाडे. या प्रत्येकाची दुरुस्ती करणारा कारागीर वेगळा आहे, त्याला लागणारी वर्षेही वेगळी.

दगडापासून सुरुवात करू. दख्खनचा बेसॉल्ट कठीण असतो. राजस्थानच्या वालुकाश्मात छिन्नी जशी चालते तशी इथे चालत नाही. पाथरवट आधी दगड हातोड्याने वाजवून बघतो. खणखणीत आवाज आला तर दगड आतून सलग. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, तो घडवताना फुटणार. मग फोडायच्या रेषेवर ओळीने भोके पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि सुतकीने एकेका पाचरीवर सारखे घाव घालत जायचे. घाई करून एकाच पाचरीवर जोर दिला की चीर रेष सोडून जाते. दगड सुटला की टाचणी, मग तासणी, शेवटी सांधा जुळवणे. यादवकालीन कामात दगड चुन्याशिवाय, खाचा आणि खुंट्या एकमेकांत अडकवून बसवलेले असतात. यादव राजांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून आपण त्या शैलीला हेमाडपंती म्हणतो; तंत्र त्याच्या आधीपासूनचे आहे. इथे सांध्यात चुकीला जागा नाही, कारण चूक झाकायला मधे काहीच भरलेले नसते.

या कामात छिन्नीचे तोंड सारखे बोथट होते. म्हणून दगडकामाच्या जागी लोहाराची भट्टी लागते. तापवलेल्या छिन्नीला पाणी देताना टोकावर सरकत येणारा रंग बघावा लागतो: गवती पिवळा, मग तपकिरी, मग निळसर. ठरावीक रंगावर पाणी दिले नाही तर टोक एक तर वळते, नाही तर तुटते. थोडक्यात, पाथरवट घडवायचा तर लोहारही घडवावा लागतो. आपल्या योजनांमध्ये हे दोन वेगळे धंदे, दोन वेगळ्या तुकड्या, दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत. कामाच्या जागी ते एकच काम आहे.

चुन्याची गोष्ट याहून सांगण्यासारखी आहे, कारण चुना आपले वेळापत्रक कुणाला बदलू देत नाही. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजायची. मिळालेली कळी पाण्यात विरवायची. ती उसळते, वाफ सोडते, मग निवते. विरलेला चुना भिजत ठेवायचा, जितका जास्त तितका बरा. मग घाणीत, म्हणजे बैलाने फिरवलेल्या दगडी चाकाखाली, तो वाळू आणि सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) घोटायचा. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याचे प्रकार ठिकाणापरत्वे बदलतात. एवढे करून भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला महिने लागतात. उन्हात लवकर सुकला तर भुगा होतो, म्हणून ओले गोणपाट लावून जपावे लागते. जुन्या भिंतीत सिमेंट भरले तर ओल आत अडकते, क्षार साठतात, सिमेंट तसेच राहते आणि शेजारचा दगड किंवा वीट झिजत जाते. हे नुकसान पाच-दहा वर्षांनी दिसते, तोवर कंत्राटाची हमी संपलेली असते.

पूर्वी हे शिक्षण कोणत्या पैशावर चालत होते? गावातल्या सुतार-लोहारांना बलुते होते, सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे. पोरगा बापाच्या हाताखाली दहाव्या-बाराव्या वर्षापासून राबे आणि त्याचे पोट त्या वाट्यातच भरे. शिकण्याची वेगळी फी नव्हती, वेगळा भत्ताही नव्हता. मोठ्या देवळांच्या कामाला राजाश्रय असे. वर्षानुवर्षे एका जागी तळ पडे आणि त्या तळावर एक पिढी शिकून तयार होई. या व्यवस्थेचे गोडवे गाणे मला पटत नाही. तिने कसब जपले, पण जातीच्या कुंपणात जपले. ज्याला शिकायचे होते त्याला कुंपणाबाहेरून आत येता आले नाही, ज्याला सोडायचे होते त्याला सहज बाहेर पडता आले नाही. दगड वाहणारी, चुना कालवणारी बाई आयुष्यभर बिगारीच राहिली; तिला कुणी मिस्त्री म्हटले नाही. सार्वजनिक पैशातून शिकवायचे असेल, तर ही दोन्ही कुंपणे काढण्याची संधी आहे, आणि ती घेतलीच पाहिजे.

बलुते गेले, राजाश्रय गेला, सिमेंट आले. त्यानंतर मराठवाड्यात एक घटना अशी घडली की जुन्या बांधकामावरचा लोकांचा विश्वासच उडाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणपतीचे विसर्जन करून गावे झोपली होती. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. दगडी भिंत म्हणजे मरण, माळवद म्हणजे मरण, ही भावना तेव्हापासून घट्ट बसली आणि तिच्यामागचे दुःख खरे आहे. पण तज्ज्ञांनी ढिगारे तपासले तेव्हा कारणे अधिक नेमकी निघाली. भिंती दोन पदरी होत्या, बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि लहान दगड भरलेले. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नव्हता. कोपऱ्यांत दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. आणि गळती थांबवायला दरवर्षी छपरावर माती टाकत गेल्याने माळवदाचे ओझे अतोनात वाढले होते. हादरा बसला तसे भिंतीचे पदर सुटले.

भारतीय मानकांनी त्याच वर्षी यावर सांगितलेला उपाय साधा आहे: भिंतीच्या पूर्ण जाडीएवढा लांब दगड दर ६० सेंटिमीटर उंचीला, आणि आडव्या दिशेत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर. असा दगड निवडणे, घडवणे आणि बसवणे हे गवंड्याच्या हातातले काम आहे. त्यासाठी कारखान्यातून काही आणावे लागत नाही.

हिंगोलीला ही माहिती पुस्तकी नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांनी जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षे ऐकले आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ रिश्टरचा धक्का बसला आणि काही मिनिटांत ३.६ चा दुसरा. १० जुलै २०२४ ला सकाळी पुन्हा ४.५. ज्या जिल्ह्यात दगडमातीची घरे अजून वापरात आहेत आणि जमीन अशी हलते, तिथे पारंपरिक बांधकामाचे शिक्षण म्हणजे जुन्याची हौस नव्हे. ते जीव वाचवण्याचे काम आहे.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात सगळ्यांत जास्त नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यापलीकडे लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण व्हायचे होते, घरमालकाच्या स्वतःच्या हाताने. त्यासाठी गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले, तर घराघरांत माहिती पोहोचवण्यासाठी गावातल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. मराठवाड्याच्या इतिहासात गवंड्याच्या शिक्षणावर एवढ्या मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक पैसा क्वचितच खर्च झाला असेल. पण तो आपत्तीचा पैसा होता. कार्यक्रम संपला तसा तो आटला. शिकलेल्या गवंड्यांना पुढे दगडाचे कामच मिळाले नाही. गाव सिमेंटच्या ब्लॉककडे वळले होते.

आता आजच्या पैशाकडे येऊ. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी योजना. तरतूद १३,००० कोटी रुपये, पाच वर्षांसाठी. १८ व्यवसाय, त्यांत गवंडी, सुतार, लोहार आणि दगड घडवणारे आहेत. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, इच्छुकांना पंधरा दिवसांचे प्रगत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. ज्याच्या हातात आधीच कसब आहे आणि अवजारे जुनी झाली आहेत, त्याला हा आधार मोलाचा आहे. कारागीर म्हणून सरकारदरबारी नाव लागणे, हीदेखील लहान गोष्ट नाही.

मात्र ज्याला अजून शिकायचे आहे, त्याचा हिशेब मांडून बघू. समजा, तालुक्याच्या गावी सेंट्रिंगच्या कामावर एका तरुणाला रोज सातशे रुपये मिळतात. सहा दिवसांच्या वर्गासाठी तो रोजचे दोनशे, म्हणजे बाराशे रुपये सोडायला तयार होईल. पण सहा दिवसांत त्याला काय येईल? विरवलेला चुना तेवढ्यात नीट मुरतही नाही. त्याने पहिल्या दिवशी लावलेला गिलावा शेवटच्या दिवशीही ओलाच असतो. तो धरला की भुगा झाला हे बघायच्या आत प्रमाणपत्र हातात पडते. बेसॉल्टचा एक सांधा नीट जुळवायला हात वळण्याआधी वर्ग संपतो. त्याला खरोखर लागणारे आठ-दहा महिने त्याने कमी पैशावर काढावेत अशी अपेक्षा असेल, तर तो पुण्याला किंवा हैदराबादला मोठ्या साइटवर निघून जाईल, आणि त्याला नावे ठेवता येणार नाहीत.

सरकारी कौशल्य योजनांचा खर्च बहुतेक वेळा तास आणि डोकी यांवर मोजला जातो. संगणकाच्या वर्गाला ते माप चालते. गुरूच्या शेजारी उभे राहून शिकायच्या कामाला ते बसत नाही, कारण एका उस्तादाजवळ तीन-चार जणच नीट शिकू शकतात. दुसरी अडचण निविदेत आहे. जीर्णोद्धाराचे कंत्राट कमी दराला जाते, कंत्राटदार मुदतीच्या धाकात असतो, तो बाहेरच्या राज्यातून तयार कारागिरांची टोळी आणतो. काम चांगले झाले तरी टोळी गेली की कसबही तिच्याबरोबर जाते. गावातल्या पोरांनी त्या कामावर वाळू वाहिलेली असते.

याहून वेगळी रीत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवायला आले. त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी शहरात उभ्या राहत असलेल्या इमारतींवर काम केले. १८७८ ते १८८८ या काळात बांधलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचे, पाने, फुले, पशुपक्षी यांचे कोरीवकाम प्रामुख्याने या विद्यार्थ्यांच्या हातचे. वर्गातल्या नमुन्यावर हात साफ करायचा आणि मग खऱ्या खांबाच्या माथ्यावर काम करायचे. इमारतीच्या कामातच शिकणाऱ्याला जागा होती. त्यातून तयार झालेले काम आज जागतिक वारसा आहे.

अलीकडचे उदाहरण दिल्लीचे. हुमायूनच्या कबरीचे जतन आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरने २००७ ते २०१३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर केले. त्याला सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अर्थसाहाय्य होते. विसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली छतावर ओतलेले दहा लाख किलो काँक्रीट हातांनी काढावे लागले. सगळ्या कामावर कारागिरांचे सुमारे दोन लाख मनुष्यदिवस लागले. छत्र्यांवरच्या रंगीत फरशा बनवण्याची विद्या इथे उरली नव्हती, तेव्हा उझबेकिस्तानातून उस्ताद बोलावले आणि शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना त्यांच्या हाताखाली ठेवले. मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की प्रकल्पाच्या खर्चात शिकण्याचा वेळ धरलेला होता. घुमट सुरेख झाला हे खरेच, पण बस्तीतली मुले कारागीर झाली.

जपानने हे कायद्यातच आणले. १९७५ मध्ये त्यांनी सांस्कृतिक वारशाचा कायदा दुरुस्त करून जतनासाठी लागणारी तंत्रे वेगळी नोंदवायला सुरुवात केली: लाकडी बांधकामाची दुरुस्ती, सालींची छपरे, मातीचा गिलावा. त्या तंत्राचा धारक कोण हे सरकार ठरवते आणि शिष्य घडवण्यासाठी त्याला अनुदान देते. इसे इथले मंदिर तर दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ते ६२ व्यांदा झाले. पहिल्या खेपेला शिकाऊ असलेला सुतार पुढच्या खेपेला मुख्य कामावर असतो आणि त्याच्या पुढच्या खेपेला शिकवतो.

हिंगोलीत यासाठी पैसा कुठून यावा? जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून ३ टक्क्यांपर्यंत रक्कम गड-किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी वापरण्याचे धोरण राज्याने स्वीकारले आहे. बांधकामाच्या खर्चावर १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला १ टक्का उपकर गोळा होतो आणि राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. याच औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होत आहे; तिला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जिल्ह्यात बांधकाम वाढेल तसा उपकरही वाढेल. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा-जतन आणि व्यवसाय-शिक्षण हे दोन्ही विषय सामाजिक दायित्वाच्या खर्चात बसतात. शिकाऊ उमेदवारांच्या केंद्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार सोसते.

रक्कम फार मोठी नाही. समजा, एखाद्या मंदिराच्या किंवा बारवेच्या दुरुस्तीचे काम दोन कोटींचे आहे. त्यावर चार शिकाऊ घेतले, रोज ६०० रुपये, महिन्याला २५ दिवस, दहा महिने: सहा लाख. एक उस्ताद, रोज १,२०० रुपये: तीन लाख. वाया जाणारा दगड, चुना, छिन्न्या यांना एक लाख. एकूण दहा लाख, म्हणजे कामाच्या ५ टक्के. यातला वाया जाणारा दगड मुद्दाम धरला आहे. शिकणाऱ्याला चुकायची मुभा हवी आणि तिची किंमत कुणीतरी आधीच मोजून ठेवायला हवी; कंत्राटदाराच्या खिशातून ती जाणार असेल तर तो शिकाऊ हाताला छिन्नी धरूच देणार नाही. म्हणून ही रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून हवी, आणि निविदेतल्या स्पर्धेबाहेर हवी, म्हणजे दर पाडताना पहिली कात्री तिच्यावर चालणार नाही.

सुरुवात बारवांपासून करावी असे मला वाटते. शेजारच्या परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली आणि महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे राज्यभर अशी कितीतरी कामे झाली. औंढ्यातही सासू-सुनेची बारव आहे. श्रमदानाने गाळ निघतो, झाडे निघतात. पण मुळ्यांनी ढकललेला पायरीचा दगड पुन्हा जागेवर नेणे, त्याआधी प्रत्येक दगडाला क्रमांक घालून नकाशा करणे, मागची काळी माती पावसाळ्यात फुगून भिंतीला रेटते तिचा निचरा करणे, ही कसबी कामे आहेत. बारवेत ती सगळी एकाच जागी शिकायला मिळतात, उंच परांची लागत नाही आणि गर्भगृहासारखी धास्तीही नसते. चार शिकाऊंपैकी दोन बायका असाव्यात, आणि त्यांची नावे काम मोजण्याच्या पुस्तिकेत उस्तादाच्या नावाखाली लागावीत, कारण पुढच्या निविदेत अनुभवाचा दाखला म्हणून तोच कागद चालतो.

काम दिवाळीनंतर सुरू व्हावे, चुना आधीच भिजत घातलेला असावा. पैशाचा शेवटचा हप्ता मात्र काम संपल्याबरोबर देऊ नये. तो पुढचा पावसाळा उलटल्यावर द्यावा. उस्ताद, पुरातत्त्व विभागाचा अभियंता आणि ते चार जण बारवेत उतरून सांधे ठोकून बघतील. कुठे चुना सुटला, कुठे दगड हलला, हे शिकाऊंनी स्वतः शोधून सांगायचे आणि दुरुस्त करून दाखवायचे. हप्ता त्यानंतर.